आयर्विनचे फूट आणि जावाचे गेंडे

जावाचा गेंडा म्हणजे आपल्या काझीरंगातल्या गेंड्याचा चुलतभाऊच. एकशिंगी, चणीनं थोडा लहान. आज अख्ख्या जगात हे जनावर साधारण पन्नास उरलंय आणि ते सगळेच्या सगळे एकाच ठिकाणी राहतात. जावा बेटाच्या पार पश्चिम टोकाला उजुंग कुलोन नावाचं नॅशनल पार्क आहे, तीन बाजूंनी समुद्र, तिथं. दुसरीकडे कुठंही नाही, प्राणीसंग्रहालयात सुद्धा नाही. पिंजऱ्यातला शेवटचा जावाचा गेंडा 1907 साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडला मेला, आणि गंमत बघा, तो जिवंत होता तेव्हा कित्येक वर्षं लोकांना भारतीय गेंडा म्हणूनच दाखवला जात होता.

आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, हा अतिसंकटग्रस्त या खान्यात आहे. गेंड्याच्या पाच जाती, त्यातल्या तीन याच खान्यात, जावाचा, सुमात्राचा आणि आफ्रिकेतला काळा गेंडा. आता काळे गेंडे सहा हजारांच्या वर आहेत आणि हे पन्नास, तरी दोघांना लेबल एकच. त्यालाही कारण आहे, काळे 1970 च्या आसपास पासष्ट हजारांच्या घरात होते ते नव्वदच्या दशकात अडीच हजारांच्या खाली घसरले, आणि लिस्ट करणारे नुसती संख्या बघत नाहीत तर किती झपाट्यानं उतरली तेही बघतात. ते बरोबरच आहे. पण लेबल वाचून जी गोष्ट कळत नाही ती अशी की काळ्या गेंड्यावर एका देशात संकट आलं तर दुसऱ्या देशात तो असतो. जावाच्या गेंड्याचा सगळा संसार एका पत्त्यावर आहे. मला या विषयात जे काय डोक्यात बसलंय ते एवढंच, आणि ते बसायचं कारण मी सांगलीची आहे, त्यातून नदीकाठच्या गावभागातली.

सांगलीबाहेरच्या लोकांसाठी सांगते. पावसाळ्यात आमच्याकडं सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, आयर्विनला किती फूट? आयर्विन पूल म्हणजे कृष्णेवरचा आमचा जुना पूल, 1929 चा, तिथं पाणी मोजायची पट्टी आहे. चाळीस फूट झालं की इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून पुढं किती जातंय, सूर्यवंशी प्लॉटात शिरलं का, कर्नाळ रोड बंद झाला का, हे सगळं दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ असतंय. क्युसेक हा शब्द आमच्याकडं चौथीतलं पोरगं वापरतं.

आणि गावभागातल्या प्रत्येक घराला विश्रामबागला एक आत्या असते. आत्या नाही तर मावशी, नाहीतर मिरजेला दीर, पण कुणीतरी वरच्या अंगाला असतंच. पाणी वाढायला लागलं की गाद्या, गॅसची टाकी, कागदपत्रांची पिशवी, देवघरातले देव क्रेटमध्ये घालून आपण तिकडं जायचं. मग आत्याच्या हॉलमध्ये अंगाला अंग लावून झोपलेली माणसं, बाथरूमला लाईन, आत्याचा मोठा कुकर दिवसभर शिट्ट्या मारत बसलेला, आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल, पाणी कुठंपर्यंत आलंय. भांडणं पण होतात हो, सख्ख्या नणंदा-भावजयांची मिक्सरच्या भांड्यावरून. पण माणसं जगतात. पाणी उतरल्यावर खराटा आणि फिनेल घेऊन परत येतात आणि चिखल काढायला लागतात.

जावाच्या गेंड्याला विश्रामबागची आत्या नाही.

उजुंग कुलोनचा इतिहास वाचला तेव्हा मी चाटच पडले, कारण हे घर त्याला मिळालं तेच मुळात एका प्रलयामुळं. 1883 चा ऑगस्ट, क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, छत्तीस हजारांवर माणसं गेली, त्यातली बहुतेक लाटांनी. उजुंग कुलोनच्या किनाऱ्यावरची गावंही धुऊन गेली आणि पुढं तिथं वस्ती नीट परत बसलीच नाही, जंगल वाढलं. उरलेल्या जावात भात आणि मळे आणि माणसं वाढत गेली, गेंडे मारले गेले, काही तर पिकांची नासाडी करतात म्हणून. एके काळी हा गेंडा आपल्या सुंदरबनापासून ब्रह्मदेश, थायलंड, व्हिएतनाम ते जावापर्यंत पसरलेला होता. तो सगळीकडून पुसला गेला आणि माणसांनी रिकाम्या केलेल्या त्या टोकावर तेवढा राहिला. 1921 मध्ये ती जागा राखीव झाली. 1967 च्या सुमाराला मोजले तेव्हा पंचवीसेक निघाले होते, तिथून पुढं वाढले.

म्हणजे लाटेनं घर दिलं, आणि ती लाट परत येऊ शकते. क्राकाटोआ जिथं बुडाला तिथंच समुद्रातून नवा ज्वालामुखी वर आला, अनाक क्राकाटाऊ, म्हणजे क्राकाटोआचं पोर. 22 डिसेंबर 2018 च्या रात्री त्या पोराचा एक अख्खा उतार समुद्रात कोसळला आणि त्सुनामी आली. भूकंप झालाच नव्हता त्यामुळं कुणाला सूचना नाही. चारशेच्या वर माणसं गेली. पार्कचे दोन कर्मचारी पण त्यात गेले. गेंडे वाचले, कारण ते जास्त करून दक्षिणेच्या अंगाला होते आणि लाट उत्तरेकडून आली. एवढाच फरक. त्याच्या आदल्या वर्षी, 2017 ला, काही अभ्यासकांनी हिशेब मांडून ठेवला होता की दहा मीटरची लाट आली तर जिथं गेंडे सगळ्यात दाट आहेत त्यातला बहुतेक भाग तिच्या तावडीत येतो.

नुसती लाट नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला काही आठवड्यांत पाचेक गेंडे पटापट मेलेले सापडले, आसपासच्या गावांतल्या म्हशींकडून रोग आला असावा असा संशय. आमच्याकडं लंपी आला तेव्हा गोठ्यागोठ्यात काय अवस्था होती ते ज्यांनी बघितलंय त्यांना यातली भीती समजावून सांगायला नको. शिवाय तिकडं लंगकाप नावाचा एक ताड आहे, तो असा माजतो की त्याच्या सावलीखाली गेंड्याला खायची झुडपं उगवतच नाहीत, म्हणून माणसं लावून तो तोडावा लागतो. आणि सगळे एकमेकांचे नातेवाईक झालेत हे आणखी एक, रक्त नवीन कुठून आणणार.

आता आकड्यांकडं येते, कारण मला राग येतो तो इथं.

या गेंड्याला कुणी सहज बघत नाही, तिथं नोकरी करणाऱ्या माणसांना पण वर्षानुवर्षं तो समोर दिसत नाही म्हणतात. मोजायचं ते झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांवर. कॅमेऱ्यासमोरून जनावर गेलं की व्हिडिओ निघतो, मग डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या, कानाचा फाटका कोपरा, मानेवरच्या घड्या, शिंग आहे का नाही, यावरून हा कोण ते ठरवायचं. माद्यांना बहुतेक शिंग नसतंच, असलं तर नुसता टेंगूळ. मी असा एक व्हिडिओ बघितलाय, चिखलाच्या डबक्यात एक मादी लोळत होती, पिल्लू तिच्या पाठीवर चढायला बघत होतं आणि घसरत होतं, आणि तिच्या नाकातून असा भप्पकन श्वास निघत होता की कॅमेऱ्याच्या काचेवर पाणी उडालं. बराच वेळ काहीच होत नाही त्यात. तरी मी तो शेवटपर्यंत बघितला.

तर अशा मोजणीतून आकडे येत होते, 2019 ला 72, मग 76, मग 2023 ला 82. दर वेळी नवीन पिल्लाचा फोटो, सगळे खूश. मी पण. 2023 मध्येच तिकडच्या एका संस्थेनं ओरडून सांगितलं की यादीतली दीड डझन जनावरं कॅमेऱ्यात कधीची दिसलेलीच नाहीत, तुम्ही ती मोजताय कशी? त्यांचं फार कुणी ऐकलं नाही. मग कॅमेऱ्यात बंदूकवाले दिसले, पोलिस लागले, पकडापकडी झाली आणि 2024 मध्ये बाहेर आलं की 2019 ते 2023 या काळात शिकाऱ्यांच्या दोन टोळ्यांनी मिळून 26 गेंडे मारल्याची कबुली दिलीय. सव्वीस! म्हणजे एक तृतीयांश कळप, आणि तोही कागदावर आकडा चढत असताना. एका शिकाऱ्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. 2025 च्या सप्टेंबरात जो जागतिक आढावा आला त्यात मग आकडा साधारण पन्नास असा आला.

शिकारी शिंगासाठीच मारतात, आणि जावाच्या नराचं शिंग वीतभर. केस-नखं ज्याची असतात तेच केराटिन. त्यासाठी.

आकड्यावर विसंबलं की काय होतं ते सांगलीनं 2019 ला बघितलंय. 2005 ला आयर्विनला जवळजवळ चोपन्न फूट झालं होतं आणि त्या पाण्याची खूण गावभागात घराघरांच्या भिंतीवर होती, काहींनी तर हौसेनं ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवली होती. 2019 ला लोकांनी काय केलं, सामान त्या रेघेच्या वर एक-दोन फूट ठेवलं आणि निवांत बसले. हरभट रोडच्या दुकानदारांनी माल पोटमाळ्यावर चढवला. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. रेघ पाण्याखाली, पोटमाळा पाण्याखाली. माझे काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, ते तेव्हापासून म्हणतात, पट्टी खोटं बोलत नाही गं, पण पट्टी कालचं सांगते.

व्हिएतनामचं तर याहून वाईट. तिथं हा गेंडा युद्धात संपला असं धरून चालले होते, पण 1988 ला एका शिकाऱ्यानं एक मारला आणि उलट त्यातून कळलं की अजून आहेत. मग कॅट टिएन पार्क, संरक्षण, प्रोजेक्ट वगैरे झालं. 2009-10 ला शेणाचा वास काढणारी शिकवलेली कुत्री घेऊन जंगल पिंजून काढलं, शेण गोळा केलं, लॅबला पाठवलं. रिझल्ट यायच्या सुमाराला, एप्रिल 2010 मध्ये, एक गेंडा मेलेला सापडला, पायात गोळी, शिंग कापून नेलेलं. आणि लॅबचा रिझल्ट आला की जमा केलेलं सगळं शेण एकाच मादीचं होतं. तीच ही. किती वर्षं ती एकटी त्या जंगलात फिरत होती कुणास ठाऊक. 2011 ला जाहीर केलं, व्हिएतनाममधून संपला.

हे सगळं वाचून मन विटलं की मी काझीरंगाचं वाचते. आपल्याकडचा गेंडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनशेपेक्षा कमी उरला होता, आज भारत-नेपाळ मिळून चार हजारांवर आहे. रेड लिस्टमध्येही तो वर चढला, 2008 पासून ‘धोक्यातला’ या खान्यातून ‘असुरक्षित’ या जरा कमी धोक्याच्या खान्यात आला. कुठल्या मोठ्या प्राण्याच्या बाबतीत असं रोज होत नाही. 2013 मध्ये आसामात सत्तावीसेक गेंडे मारले गेले होते आणि 2022 मध्ये एकही नाही. 2021 ला त्यांनी सरकारी तिजोरीतली अडीच हजाराच्या आसपास शिंगं भर चौकात म्हणावं तशी जाळून टाकली, की बाबांनो याला किंमत नाही.

आणि तिथं पूर आमच्यासारखाच. फरक असा की काझीरंगाला ब्रह्मपुत्रेचा पूर लागतोच, गाळ येतो, तळी धुऊन निघतात, जलपर्णी वाहून जाते, नवीन गवत फुटतं. पण पाणी चढलं की जनावरं दक्षिणेला कार्बी आंगलोंगच्या डोंगरावर जातात आणि मधे हायवे आहे. पुराच्या दिवसांत त्या हायवेवर गाड्यांना टाइम कार्ड देतात, या नाक्यावर आत शिरलात ती वेळ लिहायची, पलीकडच्या नाक्यावर कार्ड दाखवायचं, ठरल्यापेक्षा लवकर पोचलात म्हणजे पळवली गाडी, भरा दंड. मला ही आयडिया फार आवडते. 2019 च्या जुलैत तिथं एक वाघीण पुरातून निघून हायवेजवळच्या एका घरात शिरली आणि पलंगावर दिवसभर झोपली, फोटो सगळ्यांनी बघितला असेल. पुढच्याच महिन्यात आमची पाळी. इकडं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे पाण्यात, ट्रकच्या रांगा, आणि कृष्णेतल्या मगरी कुठं शेडवर कुठं कौलावर. माणसाची असो जनावराची, पाणी आलं की सगळ्यांना उंचावरची जागा लागते.

पण काझीरंगाचं यश मोजताना एक गोष्ट पटकन सुटते. 2022 च्या मोजणीत तिथं 2,613 गेंडे निघाले, म्हणजे जगातल्या या जातीतले तिघांतले दोघं एकाच पार्कात. हा पण एकच पत्ता व्हायला निघालेलाच होता. तिथल्या लोकांना ते आधी उमगलं हे महत्त्वाचं. 1984 मध्येच आसामातून काही गेंडे उत्तर प्रदेशात दुधव्याला नेले, मागून नेपाळमधून हत्ती देऊन आणखी काही आणले. 2008 पासून आसामातल्याच मानस पार्कात न्यायला सुरुवात केली, मानसमध्ये अशांततेच्या वर्षांत होते नव्हते ते सगळे मारले गेले होते. नेलेल्यांतलेही काही मानसला शिकारीत गेले. तरी नेत राहिले. पुरात आईपासून तुटलेली पिल्लं काझीरंगाजवळच्या रेस्क्यू सेंटरमध्ये बाटलीनं दूध पाजून मोठी करतात आणि त्यातली काही मानसला सोडतात. ही म्हणजे वरच्या अंगाची सोय करून ठेवणं झालं.

मग जावाचे का हलवत नाहीत, हा प्रश्न मी काकांसमोर ठेवला. (काका रिकामे असतात आणि त्यांना कशावरही मत असतं.)

"हलवताना मेले तर?" काका म्हणाले. "पन्नासातले चार उचलले आणि दोन गेले, तर उत्तर कोण देणार? न हलवता मेले तर निसर्ग म्हणता येतं. फायलीवर सही करणारा माणूस हेच बघतो, मी सह्या केल्यात."

त्यांचं बोलणं खोटं नाही. सुमात्राच्या गेंड्याच्या बाबतीत हे घडून गेलंय. 1984 पासून दहा-बारा वर्षांत चाळीस सुमात्रा गेंडे जंगलातून पकडून वेगवेगळ्या देशांत नेले, की पैदास करू. बहुतेक मेले, आणि त्या वर्षांत पैदाशीतून पिल्लू एक नाही. काहींना अमेरिकेत वाळलेलं गवत घालत होते, घोड्याला घालतात तसं, आणि हे जनावर पानं खाणारं. सिनसिनाटीच्या झूमध्ये इपुह नावाचा नर अगदी जायच्या बेतात होता, तेव्हा कुणाला तरी सुचलं की याला फायकसची पानं द्या, विमानानं मागवली, आणि हा उठून बसला. फायकस म्हणजे आपली वड-उंबराचीच जात. औदुंबर आमच्या जिल्ह्यात, दत्ताचं ठिकाण, त्यामुळं हे वाचून आमच्या घरी हात जोडले गेले. त्याच इपुहपासून एमी या मादीला दिवस राहायचे आणि पडायचे, परत राहायचे आणि पडायचे, शेवटी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, देऊन सांभाळली आणि 13 सप्टेंबर 2001 ला अंडालास जन्मला. बंदिवासातच दिवस राहून झालेला त्याच्या आधीचा जन्म 1889 चा, आणि तो कुठं, तर आपल्या कलकत्त्याच्या झूमध्ये!

अंडालासला 2007 ला सुमात्राला परत पाठवलं, वे कांबासच्या अभयारण्यात. 2012 ला तो बाप झाला. मग 2016 ला एक, 2022 ला एक, 2023 ला दोन पिल्लं तिथं जन्मली. सुमात्राचे गेंडे आज चाळीस-पन्नासच्या आतच आहेत, मलेशियातून 2019 ला संपलेसुद्धा, त्यामुळं आनंदीआनंद आहे असं मला म्हणायचं नाही. पण काय खायला घालायचं, मादी कधी माजावर येते, नर कधी सोडायचा, हे आता कुणाला तरी माहीत आहे, आणि ते त्या चाळीसांच्या जिवावर शिकलेलं आहे. जावाच्या गेंड्याबद्दल तेवढंही हातात नाही कारण 1907 नंतर तो पिंजऱ्यात कुणी पाळलेलाच नाही. पार्कच्याच हद्दीत पूर्वेला एक कुंपणाचा भाग तयार केलाय, चारा वाढवलाय, पण हद्द तीच, किनारा तोच.

माझं मत विचाराल तर हलवावेत. हळू, थोडे, तरणे, पण हलवावेत, आणि पार्कच्या बाहेर. बंदुकीपासून राखण जास्त लागेल तर लागू दे, दोन ठिकाणी लागेल. सव्वीस मारले गेले ते सगळे एकाच ठिकाणी होते म्हणूनच त्यांना मारायला दोन टोळ्या पुरल्या.

काकांना हे पटलेलं नाही. 2005 नंतर गावभाग सोडून विश्रामबागला फ्लॅट घ्या म्हणून आत्यानं त्यांच्या किती मागं लागून बघितलं, बयाणा द्यायपर्यंत गोष्ट गेली होती. हे म्हणाले, इथं गणपती मंदिर पायाखाली आहे, घाट आहे, मी नाही येत. 2019 ला त्यांना बोटीतून काढावं लागलं, मांडीवर रेडिओ आणि बीपीच्या गोळ्या. अजून तिथंच राहतात. पण मी गेंड्यांचं परत काढलं तेव्हा एवढं विचारलं त्यांनी, "दुसरी जागा बघितलीय का त्यांनी? तिथं पाणी बारमाही आहे का?" मी म्हटलं जागा बघायचं काम चालू असतं, ठरत नाही. "मग आधी पाण्याचं बघा म्हणावं," म्हणाले, आणि कोयनेचा विसर्ग किती झाला ते बघायला माझ्याच हातातला मोबाईल मागून घेतला.